अर्धलीचा वाटाड्या

कळंब,
२९ ऑक्टोबर १९९५

चि. मल्हारला आक्काचे आशीर्वाद. रागात असशील तर राग मांडीवर घेऊन बस, पण पत्र पुरतं वाच.

भाऊबीजेला पाट मांडला होता. तू गेल्यापासून दरवर्षी मांडते आणि शेवटी चंद्राला ओवाळून उठते. यंदा आभाळ भरून आलं होतं, चंद्रही आला नाही.

तुझा बंगळूरचा पत्ता ज्ञानेशनं दिला. बारामतीच्या स्टँडवर दिसला, कॉलेजातला तुझा एवढा जिगरी, म्हणून धरलाच त्याला. म्हणाला, "आक्का, मल्हारला कंपनीत मान वर करायला वेळ नसतो." मी म्हटलं, बरंच झालं. ज्यांना वेळ नसतो त्यांच्यासाठीच मी सध्या एक खेळ बसवतेय.

खेळ तुझाच आहे. होस्टेलवरून तू ते जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं होतंस, आणि ते आठ अंगांचे, वीस अंगांचे चित्रविचित्र फासे. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि सांगणाऱ्यानं घडीघडी विचारायचं, "आता तू काय करतोस?" पट नाही, सोंगट्या नाहीत, जिंकणं-हरणं नाही. तुम्ही मित्र सकाळी ओट्यावर बसलात की दिवेलागणीलाच उठायचात. तू बिरू नावाचा वाटाड्या व्हायचास. रान कुठलंही असो, बिरूला वाट सापडायची. मी चहाच्या निमित्तानं दारात उभी राहून ऐकायचे. आक्काला यातलं काय कळतंय, असं तुला वाटत असेल. सगळं कळत होतं. मला कुणी 'बस' म्हटलं नाही, एवढंच.

त्या दिवसाचं मी उगाळत नाही. चुलत्यानं पत्त्यांपायी अख्खी मेंढरं घालवली, ते आबांनी डोळ्यांनी बघितलेलं. अशा माणसाला चावडीवर कुणी सांगितलं, 'तुमचं पोरगं दिवसभर फासे टाकतंय', तर तो काय करणार? आबांच्या लेखी फासे म्हणजे जुगार. त्यांनी ते कालव्यात फेकले आणि मित्रांदेखत तुझ्या थोबाडीत दिली. तू त्याच संध्याकाळी पिशवी उचललीस. बघ, उगाळत नाही म्हटलं आणि उगाळलंच.

तर खेळ. तुझ्यासारखाच मांडायला गेले आणि नाकापेक्षा मोती जड झाला. आमच्या गल्लीत वेळ कुणाला आहे? तुझे दाजी कारखान्यात पाळीवर. (आम्ही गेल्या वर्षापासून आबांकडंच राहतो. का, ते पुढं कधीतरी.) शेजारच्या भामाबाई पहाटे वांगी तोडून बाजार गाठतात. त्यांच्या पलीकडची नकोशी द्राक्षाच्या बागेत रोजानं जाते. मला अंगणवाडी, घर आणि म्हैस. पहिल्या दिवशी नियम समजावण्यातच सगळा वेळ गेला. दाजी भिंतीला टेकून घोरायला लागले. भामाबाई म्हणाल्या, "रतन, मी राक्षस मारू का उद्याची वांगी तोडू, येक काय ते सांग."

मला विचारायचं ते हे. खेळणारा एखाद्या दिवशी आलाच नाही, तर गोष्टीतल्या त्याच्या माणसाचं काय करायचं? तुमच्या पुस्तकात याला काही नियम होता का? एवढं एका कार्डावर कळव.

आबा बरे आहेत.

तुझी आक्का


कळंब,
१४ जानेवारी १९९६

चि. मल्हार,

तिळगूळ पाठवत नाही, पोस्टात चुरा होतो. गोड बोल असंही म्हणत नाही. नुसतं बोल.

तुझं कार्ड आलं नाही, म्हणून नियम माझा मीच काढला. आता खेळ कसा झालाय ते ऐक, तुला हसू येईल.

आमच्याकडं संध्याकाळी तासभर लाईट जाते. तेवढ्यात कुणालाच काही करता येत नाही. दळण अडतं, मोटार अडते, दाजींची पाळी नसेल तर तेही अंगणात येऊन बसतात. म्हटलं, हाच आपला वेळ. लाईट गेली की खेळ सुरू, आली की बंद. वाघ अंगावर झेपावलेला असला तरी तिथंच थांबायचं. वाघाला दुसऱ्या दिवसापर्यंत दम धरावा लागतो.

वाचायचं काही ठेवलं नाही. भामाबाईंना अक्षर येत नाही, आणि अंधारात ते मलाही येत नाही. ज्यानं त्यानं आपलं एक नाव सांगायचं आणि आपल्याला काय चांगलं येतं ते सांगायचं. पुस्तक संपलं. फाशांऐवजी फोडलेले चार चिंचोके. दोन किंवा तीन पांढरे पडले तर काम झालं. एकच पडला तर काम होतं, पण काहीतरी गमवावं लागतं. चारही पांढरे म्हणजे मागितलं त्याहून जास्त. चारही काळे म्हणजे घात. अंधारातसुद्धा बोटाला कळतं, फोडलेली पांढरी बाजू सपाट आणि काळी पाठ गुळगुळीत.

नकोशीनं विचारलं, "नाव कुठलंबी घेतलं तर चालतंय?" मी हो म्हटलं. मग 'सोनाली' म्हणाली आणि लगेच तोंडाला पदर लावला. आता गल्लीत तिला सगळे सोनालीच म्हणतात, तिची आई सोडून.

आणि न येणाऱ्याचा नियम भामाबाईंनी चुटकीसरशी सोडवला. "त्यात काय? अर्धलीनं द्यायचं." आपल्याकडं शेळी देतात तसंच. ज्याला सांभाळायला वेळ नाही त्यानं दुसऱ्याकडं द्यायची, करडं झाली की निम्मी-निम्मी. तसं दाजी पाळीवर गेले की त्यांचा लोहार भामाबाई सांभाळतात. लोहारही निम्मा-निम्मा, त्यानं जे मिळवलं तेही. सांभाळणाऱ्यानं जिवापाड सांभाळायचं. आणि परत द्यायची वेळ आली तर जनावर मालकाच्या दारात नेऊन बांधायचं, निरोप धाडून भागत नाही. तुझ्या पुस्तकवाल्यांना हे सुचलं नसेल, कारण त्यांनी शेळी पाळलेली नाही.

आता मागच्या पत्रात टाळलं ते लिहिते. आबा बरे नाहीत. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले. इतके गेले की उजेड-अंधारही कळत नाही. म्हणून आम्ही इकडं राहायला आलो. आणि खरं सांगायचं तर खेळही म्हणूनच काढला. दिवसभर माणूस भिंतीकडं तोंड करून बाजेवर बसतो, ते बघवत नव्हतं.

सुरुवातीला तेही म्हणाले, "परत त्यो जुगार घरात आनला व्हय?" मी चिंचोके त्यांच्या हातात दिले. त्यांनी चाचपले आणि परत दिले. तोंड मात्र भिंतीकडंच. मग पौषाच्या थंडीत एका संध्याकाळी, आमचा खेळ रंगात आलेला, तर मागून आवाज आला.

"आपल्या मल्हारचा गडी कोन व्हता त्यात?"

"बिरू. वाटाड्या."

"त्यो कुनाकडं हाय आता?"

"कुणाकडंच न्हाय, आबा."

"मालक गेला म्हनून जनावर मोकाट सोडलंसा?" आबा बाजेवरून वळले. "द्या हिकडं. मी सांभाळतो अर्धलीनं."

तर बिरू आता आबांकडं आहे. तुला कळवणं माझं काम.

आक्का


कळंब,
१० मार्च १९९६

मल्हार,

तुझं कार्ड पोचलं. पोस्टमननं दिलं तेव्हा मी अंगणवाडीतल्या पोरांना तिथंच बसवून बाहेर आले. तुझं अक्षर बघून आधी रडले आणि मग वाचलं. उलटं करायला हवं होतं.

"बिरूला मारून टाका. माझं त्यात काही राहिलेलं नाही. कामात आहे." बास. 'आबा' हा शब्द नाही. डोळ्यांबद्दल एक अक्षर नाही.

मी चिडले आहे, ते लपवत नाही. बंगळूरला बसून उंटावरून शेळ्या हाकतोस? तुला कळतंय का तू कुणाच्या हातातल्या माणसाला मार म्हणतोयस?

मनात आलं, आबांना खोटंच वाचून दाखवावं. त्यांना कुठं दिसतंय? पण ज्याला दिसत नाही त्याला फसवणं माझ्यानं होईना. त्या संध्याकाळी सगळ्यांसमोर वाचलं. भामाबाईंनी कपाळाला हात लावला. दाजी म्हणाले, "मालकानंच सांगितलं म्हणजे प्रश्नच मिटला."

आबा म्हणाले, "मालक काप म्हनला तरी जनावर निम्मं माझं हाय. त्याच्या निम्म्यानं त्यानं काय करायचं ते करावं. माझ्या निम्म्याला मी न्हाय म्हनतो."

नियम आम्हीच केलेला.

पण त्या दिवसापासून खेळाचं घोडं पेंड खातंय. गोष्टीत आम्ही एका मोठ्या नदीपाशी आलोय. पलीकडं जायचं तर वाटाड्यानं पुढं व्हायला हवं. मी विचारते, "बिरू, आता तू काय करतोस?" आबा म्हणतात, "पानी खोल दिसतंय. आज नगं." दुसऱ्या दिवशी म्हणतात, "पलीकडं ढग हायेत. मागं फिरा." चिंचोक्यांना हातच लावत नाहीत. न लावले तर घात होणार कसा? दाजी वैतागले, "आबा, फाल्गुन लागला, तुमचा वाटाड्या काठावरनं हलंना." आबा म्हणाले, "जावईबापू, येकदा घाई केल्याली हाय मी. आता न्हाय करायची."

खेळ म्हणून बघितलं तर पार बिघडलाय. अडलेल्या माणसाला पुढं ढकलणारा एखादा नियम मला काढता आला असता. मी काढला नाही. नकोशी, म्हणजे सोनाली, मला हळूच म्हणाली, "असू दे आक्का. बसू काठावर. आपल्याला कुठं जायचंय?"

तुला जायचं होतं, तू गेलास. याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या हातानं तुला मारलं तो हात आता तुझ्या खोट्या माणसालासुद्धा पाण्यात उतरू देत नाही, एवढं समजून घे.

आक्का


कळंब,
२१ एप्रिल १९९६

चि. मल्हार,

मागचं पत्र रागात लिहिलं. हे तसं नाही.

आबांच्या पोटात दुखत होतं. बारामतीला दाखवलं. गाठ आहे, आणि पसरली आहे. डॉक्टर भला माणूस. त्यानं मला बाहेर बोलावून सांगितलं, "घरी न्या, त्यांच्या आवडीचं खायला घाला." आबांना आम्ही अल्सर म्हणून सांगितलंय. ते 'बरं' म्हणाले. गाडीत मात्र दाजींना विचारत होते, "म्हस कुनाला देनार?" म्हणजे कळलंय.

तू ये. रजा मिळत नसेल तर एका दिवसासाठी ये. दिवस नसेल तर तासासाठी ये, आमचा सगळा खेळ तासाचाच आहे. बोलू नकोस हवं तर. नुसतं येऊन बाजेपाशी बस, ते तुझ्या श्वासावरून ओळखतील. तुझी माफी ते मागतील का, हे मला माहीत नाही. त्यांना मागता येत नाही. शिकवलंच नाही कुणी.

काल त्यांनी विचारलं, "बंगळूर कुठल्या अंगाला?"

"दक्षिणेला."

"वाटंत नद्या?"

"नीरा हाय, कृष्णा हाय. पुढं आणखी मोठ्या हायेत, त्यांची नावं मला येत न्हाईत."

"मेंढरं घिऊन कृष्णेपतूर गेल्यालो मी. त्याच्या म्होरं न्हाय," म्हणाले आणि कूस बदलली.

तुझी वाट बघतोय असं ते म्हणत नाहीत. मी म्हणते.

आक्का


कळंब,
२६ मे १९९६

मल्हार,

तार मिळाली असेल. ज्ञानेशनं तुझ्या कंपनीत फोनही केला होता. तू मीटिंगमध्ये होतास असं कळलं. दाजींनी दुपारपर्यंत थांबवून धरलं होतं, पण वैशाखातलं ऊन, जास्त थांबता येत नाही. अग्नी दाजींनी दिला. मला याबद्दल तुला दोष द्यायचा नाही. दोष देऊन झालेत, घरात आता नवीन शिल्लक नाहीत.

त्यांच्या शेवटच्या खेळाचं तेवढं सांगायचं राहिलंय. ते तुझं आहे, म्हणून सांगते.

जाण्याच्या आदल्या आठवड्यातली संध्याकाळ. आबांना बसवत नव्हतं, पाठीशी गोधडीची गुंडाळी लावली होती. लाईट गेली. मी म्हटलं, आज खेळ नको. तर म्हणाले, "मांड." सगळे बसले. आम्ही त्याच नदीच्या काठावर, फाल्गुनापासून तिथंच. मी सवयीनं विचारलं, "बिरू, आता तू काय करतोस?"

"पान्यात उतरतो," आबा म्हणाले.

भामाबाई दचकल्या. "म्हस्कूआबा, आमी येतो की संगं. थांबा वाईच."

"तुमी हितंच ऱ्हावा. त्यो येकटाच जानार. अर्धलीचं जनावर हाय. माझ्याच्यानं आता सांभाळत न्हाय. मालकाच्या दारात न्हिऊन बांधायला पायजे."

"मालक येईल की न्यायला," दाजी म्हणाले.

"मालकाला येळ न्हाय," आबा म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, मल्हार. भामाबाईंना वांग्यांमुळं वेळ नसतो, तसंच म्हणाले ते. "त्याला येळ न्हाय, तर आपुन जायाचं."

मी चिंचोके त्यांच्या तळहातावर ठेवले. नदीकाठी आल्यापासून पहिल्यांदाच ते टाकणार होते. त्यांनी पुढ्यातल्या गोधडीवर टाकले, आणि नेमकी त्याच क्षणी लाईट आली.

एरवी लाईट आली की आम्ही सगळे एका सुरात 'आली' म्हणतो आणि उठतो. सुट्टीमुळं गल्लीतली पोरं मामाच्या गावाला गेली होती, नाहीतर त्यांनी बोंब ठोकली असती. त्या दिवशी आमची तोंडं उघडली आणि तशीच राहिली. चारही चिंचोके काळे पडले होते. घात. बिरू बुडाला.

आबांना लाईट आल्याचं कळलं नव्हतं. त्यांच्यासाठी अंधारच होता, आणि आम्हीही त्यांच्यासारखेच अंधारात बसलोय असं त्यांना वाटत होतं. त्यांनी बोट फिरवलं. एक गुळगुळीत. दुसरा गुळगुळीत. तिसरा, चौथा. त्यांचा चेहरा मी बघितला. तो मला जन्मभर पुरेल.

मग त्यांनी अंगठ्यानं एक चिंचोका हळूच उलटा केला. कान टवकारून थांबले, कुणी काही म्हणतंय का ते बघायला. मग दुसरा केला.

ज्या माणसानं आयुष्यात कधी मापात पाप केलं नाही, दुधात पाण्याचा थेंब घातला नाही, ज्यानं लबाडीचा खेळ घरात नको म्हणून पोरगा गमावला, त्यानं आम्हा सगळ्यांदेखत, लख्ख दिव्याखाली, फाशात लबाडी केली. तुझ्यासाठी. वर आम्हाला विचारलं, "बगा गं कुनीतरी हात लावून. किती पांढरं हायेत?"

नकोशीनं पुढं होऊन दोन्ही चिंचोक्यांवर बोट टेकवलं आणि म्हणाली, "दोन हायेत आबा. पोचला बिरू पलीकडं."

"पोचला?"

"पोचला."

"मग बरं झालं," म्हणाले, आणि आडवे झाले. दाजी उठून बाहेर गेले आणि म्हशीपाशी उभे राहिले. त्यानंतर आबांनी खेळाचं नाव काढलं नाही. शेवटच्या दिवशी पाणीही गिळवत नव्हतं. तुझं नाव घेतलं का, असं तू विचारशील. नाही घेतलं. एकदा एवढंच म्हणाले, "दार उघडं असंल न्हवं?" मला वाटलं, आपल्या घराचं विचारतायत. मी हो म्हटलं.

काल लाईट गेली तेव्हा पाय आपोआप अंगणात आले. बाज तिथंच आहे. कुणी चिंचोके मागितले नाहीत. भामाबाई म्हणाल्या, "रतन, त्या बिरूचं म्होरं काय झालं गं? घावलं का त्याला घर?"

गोष्ट सांगणारी मी. सांगायला हवं होतं. म्हटलं, घावलं. लई नद्या वलांडून गेला. मोठं शहर हाय, वरच्या मजल्यावर घर हाय. अंगावरचे कपडे अजून ओले हायेत. दारात उभा हाय.

"मग? उघडलं का दार?"

इथं मला थांबावं लागलं. बाकी सगळं मी रचू शकते रे, नद्या, वाघ, शहरं. हे माझ्या हातातलं नाही. आबांचा निम्मा वाटा त्यांनी तुझ्या दारात आणून बांधलाय, आणि आता अख्खा बिरू तुझा आहे. मी फक्त विचारू शकते, तुम्ही ओट्यावर विचारायचात तसं, आणि मग उत्तरासाठी थांबू शकते.

तो बाहेर उभा आहे, मल्हार. आता तू काय करतोस?

आक्का